दवंडी कोणाच्या कानी?

सकाळी सातच्या सुमारास कोपर स्टेशनावर पाच मिनिटे नुसते कान उघडे ठेवून उभे राहावे. खालच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी लोकल, वरच्या रुळांवर वसई-दिव्याची गाडी, आणि मध्ये जिन्यावर मराठी, आगरी, गुजराती, कानडी, तमिळ, भोजपुरी अशा सगळ्या बोलींचा एकच कालवा. ही सारी मंडळी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची नागरिक. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे साडेबारा लाख भरली होती. आता प्रश्न असा, की उद्या पाणी येणार नाही ही साधी गोष्ट महापालिकेने या सर्वांना सांगावी तरी कशी?

आजवरचे उत्तर ठरलेले आहे. वर्तमानपत्रात ‘जाहीर सूचना’ द्यावी आणि मोकळे व्हावे! ती सूचनाही कशी? ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तांत्रिक दुरुस्तीच्या कामास्तव उपरोक्त परिसरातील जलवितरण...’ वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. तेच ‘उद्या दिवसभर नळाला पाणी नाही, आज रात्री भरून ठेवा’ असे लिहिले तर शाई कमी लागेल आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेल. अस्सल मराठी माणसालाच जी मराठी कळत नाही, ती परप्रांतीय शेजाऱ्याला कळावी ही अपेक्षा जरा धाडसाचीच म्हणावयाची.

डोंबिवलीचा कोपर पूल आठवून पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये तो धोक्याचा म्हणून वाहनांना बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नवा होऊन खुला झाला. मधली दोन वर्षे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी ठाकुर्लीच्या पुलावरून वळसे घातले. काम कोठवर आले, अडले असेल तर कशाने, हे अशा वेळी पुलाच्या तोंडाशीच मोठ्या फळ्यावर दर आठवड्याला लिहिले तर किती खर्च येईल? माणूस गैरसोय सोसतो हो. पण आपल्याला कोणी काही सांगतच नाही, हे त्याला सोसत नाही.

भोवतालच्या २७ गावांची कथा तर याहून बोलकी आहे. १९८३ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तीत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. २०२० साली त्यांतील १८ गावे वगळण्याचे राज्य शासनाने ठरविले, आणि त्याच वर्षअखेर उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या ये-जा प्रकरणात हद्दीच्या रेषा बदलल्या, कर बदलले. पण गावकऱ्याचे एक मोठे नुकसान कोणाच्या हिशेबात आले नाही. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. दवंडी पिटली जाई, सूचना चावडीवर लागे, आणि सरपंचाला तोंडावर विचारता येई. महापालिकेत आल्यावर त्या जागी आले अ, ब, क अशा अक्षरांचे प्रभाग कार्यालय आणि त्याची खिडकी.

शहरात दवंडीचे काम एरवी नगरसेवक करतो. भला असो वा बुरा, त्याचे दार ठोठावता येते. पण २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे तेवढा काळ सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ सालीच झाली आहे, पण तुमच्या आळीत अशी सभा भरल्याचे तुम्हांला आठवते का?

कायदा खरे पाहता नागरिकाच्याच बाजूचा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की कार्यालयाने न मागताच माहिती द्यावी, आणि ती देताना स्थानिक भाषा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल ती पद्धत यांचा विचार करावा. भाषेच्या वादाचे म्हणाल, तर अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा हे लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे, असेच त्या निकालाचे सार. राजभाषा मराठीच, तिला पहिला मान हवा आणि ती सोपी हवी. तिच्याखाली हिंदी वा गुजरातीच्या दोन ओळी आल्या म्हणून मराठीचे काही बिघडत नाही. उलट शेजाऱ्याला ती वाचता येऊ लागेल.

आणि सूचना लावावयाची ती माणसे असतील तेथे. येथला चाकरमान्या सकाळी अंधारात निघतो नि रात्री परततो. कार्यालयाच्या वेळेत तो कधीच गावात नसतो. तेव्हा फळा हवा तो स्टेशनाच्या जिन्याशी, प्रभागाधिकाऱ्याची भेट हवी रविवारी सकाळी. नाक्यावर कामासाठी थांबणाऱ्या मजुरांना तेथेच तोंडी सांगावे, गावात देवळासमोर, चाळीत बचत गटाच्या बायकांकडे. या बायकांना एक गोष्ट कळली की संध्याकाळपर्यंत ती चारही मजल्यांना कळते, असा आमचा अनुभव आहे!

फळ्याखाली मात्र एक वही दोरीला बांधून ठेवावी, आणि तीत लिहिलेल्या तक्रारीपुढे पुढच्या रविवारपर्यंत कोणीतरी उत्तर लिहावे, सहीसकट.