विश्लेषण : आई-वडिलांचं अपुरं स्वप्न मुलांच्या वाट्याला का येतं?

उरण, पनवेलच्या खाडीकाठच्या गावांत ‘दाखला कोणाच्या नावावर?’ हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो. प्रकल्पात जमीन गेलेल्या कुटुंबाला प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र मिळतं. सरकारी नोकरभरतीत गट क आणि गट डच्या पदांसाठी त्यावर ५ टक्के समांतर आरक्षण असतं. पण दाखला एका वेळी घरातल्या एकाच व्यक्तीच्या नावावर असतो. ज्याच्या नावावर दाखला, त्याच्याच नावावर आई-वडिलांचं स्वप्नही जमा होतं. मूल मोठं झाल्यावर या स्वप्नाचं काय होतं?

हे स्वप्न आलं कुठून?

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भातशेती आणि मिठागरं हातची गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना उभा राहिला. मुलाला द्यायला शेत उरलं नाही, तेव्हा ‘कंपनीत पर्मनंट’ हेच यशाचं माप झालं. कोळीवाड्यातही आयुष्य बोटीवर काढलेल्या अनेक वडिलांना वाटतं, पोराने दर्यावर जाऊ नये.

पालक आपलं स्वप्न मुलांवर का टाकतात?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७३ पालकांवर एक प्रयोग केला. काही पालकांना स्वतःच्या राहून गेलेल्या इच्छांबद्दल विचार करायला सांगितलं, तर काहींना ओळखीच्या माणसांच्या. स्वतःच्या अपुऱ्या इच्छा आठवलेल्यांपैकी जे पालक मुलाला ‘आपलाच एक भाग’ मानत होते, त्यांच्यात ‘मुलाने माझं स्वप्न पूर्ण करावं’ ही इच्छा अधिक तीव्र दिसली. म्हणजे मूळ फक्त हट्टात नाही, जवळिकीतही आहे.

मग मोठी स्वप्नं पाहूच नयेत का?

तसं नाही. जर्मनीत सुमारे साडेतीन हजार विद्यार्थ्यांच्या गणितातल्या प्रगतीचा पाच वर्षं अभ्यास झाला. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पालकांच्या आकांक्षा उंच असतील तर मुलांची प्रगती चांगली होते. मात्र ‘त्याने इतकं मिळवावं’ ही इच्छा ‘त्याला इतकं जमेल’ या अंदाजाच्या पुढे गेली की प्रगती खालावते.

मोठेपणी परिणाम काय?

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीचे चार प्रकार मांडले. त्यातल्या एका प्रकारात मुलं इतर वाटा न चाचपता आई-वडिलांनी ठरवलेली वाट आपली मानतात. बाहेरून ती स्थिरावलेली दिसतात. मार्शियांच्या प्रयोगात मात्र अपयश आल्यावरही हे तरुण आवाक्याबाहेरच्या उद्दिष्टाला चिकटून राहिले. नकारात्मक शेरा मिळाला की त्यांचा आत्मविश्वास जास्त डळमळला. भरतीचं वय संपत आलं तरी ‘अजून एक प्रयत्न’ म्हणणारा मित्र आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बातम्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनाही घरी ‘मग शिकलास कशाला?’ हे ऐकावं लागतं.

काय करता येईल?

दहावी-बारावीच्या निकालाआधीच पालकांनी एक गोष्ट सांगून टाकावी : यातली माझी इच्छा कोणती आणि तुझ्यात मला दिसणारी क्षमता कोणती. मुलांनीही वडिलांना विचारावं, ‘तुम्हाला काय व्हायचं होतं?’ प्रकल्पग्रस्त दाखला कुटुंबातल्या दुसऱ्याच्या नावावर करून घेता येतो, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. स्वप्नासाठी असा अर्ज नाही. ते घरातच बोलून मोकळं करावं लागतं.