न घातलेली जर्सी

रमजान सुरू झाला की शेजारपाजारचे मित्र एक प्रश्न हमखास विचारतात, ‘पाणीसुद्धा नाही का रे?’ नाही, पाणीसुद्धा नाही. घरात माठ भरलेला असतो, कोणी बघत नसतं, तरी मगरिबची अजान होईपर्यंत हात पुढे जात नाही. एकादशी आणि श्रावणी सोमवार धरणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. समोर असलेल्या गोष्टीला आपणहून ‘नको’ म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. महिनाभर हे जमतं. पण ज्यावर आपलं नाव आणि पोट अवलंबून आहे, त्यालाच ‘नको’ म्हणायची वेळ आली तर?

मुंबईचे फुटबॉलपटू खालिद जमील यांच्यावर ती वेळ आली होती.

त्यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. लहानपणी तिथल्या एका शिबिरात फ्रान्सचा महान खेळाडू मिशेल प्लातिनी याची भेट झाली आणि तोच आदर्श ठरला. पुढे मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांकडून ते मधल्या फळीत खेळले. भारताची जर्सीही अंगावर चढली.

त्या काळी भारतीय फुटबॉलमध्ये मोठं व्हायचं म्हणजे कोलकात्याला जायचं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांकडे पैसा होता आणि लाखाची गर्दीही. खालिदभाईंना या क्लबांकडून बोलावणं आलं होतं. पण १९९८ पासून दोन्ही क्लबांना मद्य कंपनीचं प्रायोजकत्व होतं. एकाच्या नावापुढे मॅकडॉवेल लागलं होतं, दुसऱ्याच्या नावापुढे किंगफिशर. ते नाव छातीवर घेऊन खेळायचं नाही म्हणून त्यांनी नकार दिला, असं वृत्तपत्रांतून अनेकदा छापून आलं आहे. खेळाडूच्या आत्मचरित्रात गोलांची, चषकांची, मोठ्या क्लबांची प्रकरणं असतात. खालिद जमील यांच्या आयुष्यातलं एक मोठं प्रकरण न घातलेल्या जर्सीचं आहे.

या नकाराची किंमत होती. दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि २००९ मध्ये खेळणं थांबलं. वय अवघं बत्तीस. त्याच वर्षी मुंबई एफसीने त्यांना प्रशिक्षक केलं. पैसा बेताचा, खेळाडू नवखे. तरीही सात वर्षं त्यांनी हा संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत टिकवून धरला. खालच्या श्रेणीत न घसरणं याला कोणी चषक देत नाही. २०१६ मध्ये ती नोकरीही गेली.

मग बोलावणं आलं ते थेट मिझोराममधून. आयझॉल एफसी हा संघ आदल्या मोसमात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळाली. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो : २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोराम राज्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. आपल्या एकट्या भंडारा जिल्ह्याची बारा लाख.

खालिदभाईंनी तिथल्या पोरांना हाताशी धरलं. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता आले. सीरियाचा महमूद अल अमना आला. एप्रिल २०१७ मध्ये या संघाने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि एक गुण पुरेसा होता. शिलाँग लाजाँगने नवव्याच मिनिटाला गोल केला. आयझॉलच्या विल्यम लालनुनफेलाने ६७ व्या मिनिटाला बरोबरी साधली. आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातला एखादा क्लब राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पुढे कोलकात्याच्या त्याच दोन्ही क्लबांनी त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलं. इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षकांचीच चलती होती. तिथे नॉर्थईस्ट युनायटेडने २०२१ मध्ये त्यांना कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक केलं. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १ ऑगस्ट २०२५ रोजी १७० अर्जदारांमधून भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी त्यांची निवड झाली. तेरा वर्षांनी हे पद एका भारतीयाकडे आलं होतं.

गोष्ट इथेच संपवली तर ती गोड होईल, पण अर्धी राहील. सुरुवात छान झाली होती. ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारं बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांतलेच काही जण मग बोट दाखवू लागले.

नम्रतेची परीक्षा अशाच दिवसांत होते. जिंकल्यावर मान झुकवणं सोपं असतं, तेव्हा सगळेच कौतुक करतात. हरल्यावर दुसऱ्यावर न ढकलता सकाळी पुन्हा मैदानावर उभं राहणं अवघड. आमच्याकडे याला सब्र म्हणतात. सब्र म्हणजे हात जोडून बसणं, असा अनेकांचा समज आहे. मुंबई एफसीची ती सात वर्षं पाहिली तर सब्र किती घाम काढतं ते कळतं.

आपल्या तुमसर, पवनी, साकोलीकडची मुलं पहाटे मैदानावर धावताना दिसतात. त्यांच्या कानावर सतत एकच पडतं : मोठं शहर, मोठी अकादमी, मोठी ओळख नसेल तर काही खरं नाही. त्यांना आयझॉलबद्दल जरूर सांगा. आपल्या जिल्ह्याहून कमी माणसांचं राज्य, खाली घसरलेला संघ आणि नोकरी गेलेला प्रशिक्षक. या तिघांनी मिळून एका मोसमात देशाची लीग जिंकली होती. आणि त्या प्रशिक्षकाने त्याच्या कितीतरी आधी, खेळाडू असताना, कोलकात्याच्या मोठ्या जर्सीला ‘नको’ म्हटलं होतं, हेही सांगा.