चाकोरीत न अडकणारी स्की

नवं डांबर घालण्याआधी रस्ता यंत्राने खरवडतात, तेव्हा त्यावर लांबच लांब समांतर खाचा उमटतात. अशा रस्त्यावर दुचाकीचं पुढचं चाक आपल्या मर्जीने डावी-उजवीकडे सरकू लागतं आणि हँडलवरची मूठ नकळत आवळली जाते. अमेरिकेतल्या आयडाहोत किंवा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात स्नोबाइक चालवणाऱ्यांना बर्फाच्या वाटेवर नेमका हाच अनुभव येतो. खोल, भुसभुशीत बर्फात अलगद वळणारी गाडी दाबून कडक केलेल्या वाटेवर आली की तिची स्की भटकू लागते. बरेच जण ‘या गाड्या अशाच असतात’ म्हणून सोडून देतात. तसं करू नये. या भटकण्यामागची कारणं ठरलेली आहेत आणि घरच्या हत्यारांनी त्यातली बरीचशी दूर करता येतात.

डर्ट बाइकची दोन्ही चाकं काढून मागे रबरी पट्ट्याचा सांगाडा आणि पुढे एकच रुंद स्की बसवली की स्नोबाइक तयार होते. आयडाहोतल्या सँडपॉइंट गावच्या टिंबरस्लेड कंपनीने असे संच लोकप्रिय केले. २०१५ मध्ये पोलॅरिसने ती कंपनी विकत घेतली.

स्की का भटकते?

स्कीच्या तळाला मधोमध होडीच्या कण्यासारखी उभी कड असते. तिला कील म्हणतात. कीलखाली पोलादी पट्टी असते आणि तिच्यात टंगस्टन कार्बाइडचे कठीण तुकडे बसवलेले असतात. कडक बर्फात रुतून गाडी वळवण्याचं काम हीच धार करते. पण वाटेवरून दिवसभर स्नोमोबाइल धावतात. त्यांच्या दोन-दोन स्की बर्फात बारीक खाचा पाडत जातात आणि रात्रीच्या थंडीत त्या गोठून टणक होतात. बैलगाडीचं चाक जसं जुन्या चाकोरीत उतरतं, तशी आपली कील त्या खाचेत उतरते. स्नोमोबाइलला सावरायला दुसरी स्की असते. स्नोबाइकला एकच, म्हणून तिचा प्रत्येक हिसका थेट हँडलवर येतो.

दुसरं कारण भूमितीचं आहे. हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूपाशी टेकतो. चाकाचा टेकू या बिंदूच्या मागे असतो, म्हणून चाक ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखं मागोमाग ओढलं जातं आणि आपोआप सरळ राहतं. स्कीचा टेकू मात्र लांबलचक असतो. दाब अक्षाच्या मागे पडला तर स्की सरळ राहते. तो पुढे, चोचीकडे सरकला तर चोच खाच शोधते आणि बाकीची स्की तिच्यामागे वळते. पुढचे सगळे उपाय हा दाब मागे नेण्यासाठी किंवा धारेचा खाचेशी होणारा झगडा कमी करण्यासाठी आहेत.

आधी तपासणी

गाडी स्टँडवर घ्या. स्की उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. कुठे अडकतं किंवा खडखडतं का ते पाहा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्यांना कोनसेट म्हणतात, ती हँडलची बेअरिंग सैल असतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. स्कीचा बोल्ट आणि बुशही हलवून पाहा.

मग कार्बाइडची पट्टी नीट न्याहाळा. ती वाकलेली नसावी. झीज पुढच्या टोकाला जास्त दिसली तर दाब चोचीवर पडतो आहे, हे तिथेच कळतं. एका बाजूने झिजलेली धार गाडीला त्या बाजूला ओढते. अशी पट्टी बदलावी.

दाब मागे नेणं

स्की आणि तिची पकड यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. तो स्कीची चोच किती खाली झुकेल हे ठरवतो. बोल्टच्या मागच्या बाजूला, ठोकळ्याखाली पातळ पट्टी सरकवली की स्कीची शेपटी खाली दाबली जाते आणि चोच हलकी होते. दोन-तीन मिलिमीटरपासून सुरुवात करा. फार जाड पट्टी घातली तर वळणावर चोच धरत नाही आणि गाडी सरळ बाहेर निघते.

त्यानंतर पुढचे शॉकअप. ते हँडलखालच्या पकडीतून वर काढले असतील तर गाडी पुढे वाकते, अक्ष उभा होतो आणि हँडल चंचल होतं. नळ्या पाच-पाच मिलिमीटरने खाली सरकवा. दोन्ही बाजूंचं माप अगदी सारखं ठेवा. स्प्रिंग मऊ असेल तर थ्रॉटल मिटताच पुढचा भाग बुडतो आणि तोच दोष उतारावर उभा राहतो. तिथे कडक स्प्रिंग लागते.

मागच्या सांगाड्यातला मर्यादा-पट्टा आखूड केला की वजन स्कीवर येतं, सैल केला की मागे जातं. खोल बर्फासाठी जुळवलेली गाडी वाटेवर तशीच चालेल असं नाही. स्कीवर भार जास्त वाटला, हात दुखू लागले, तर पट्टा एक भोक सैल करून पाहा.

धार बदलणं

एवढं करूनही स्की खाचेत शिरत असेल तर रनर, म्हणजे कीलखालची ती धारेची पट्टी, बदला. एका उंच धारेऐवजी दोन समांतर धारांचे रनर मिळतात. एक धार खाचेवर आली तरी दुसरी सपाट बर्फावर टेकलेली असते, त्यामुळे स्की खाचेत पूर्ण उतरत नाही. स्टेअरिंग डँपर शेवटी बसवावा. तो हिसके शोषतो, पण हिसक्याचं मूळ तसंच राहतं. आधीच बसवला तर खरा दोष झाकला जाईल.

हाताचं काम

जुळवणी कितीही चांगली असली तरी मूठ आवळलेली असेल तर स्की बिथरते. कोपर सैल ठेवा, फूटरेस्टवर उभे राहा, वजन किंचित मागे घ्या आणि नजर दूर टाका. स्कीला दोन बोटं इकडेतिकडे होऊ द्या. ती सरळ होते. खाच ओलांडायची असेल तर तिच्यालगत रेंगाळू नका, ठाम कोनात पार करा. थ्रॉटल एकसारखा ठेवा. तो अचानक मिटला की सगळं वजन स्कीवर येतं आणि कील खाचेत खोल रुतते.

एका वेळी एकच बदल करा. त्याच वाटेवर, त्याच वेगाने फेरी मारा आणि वहीत लिहून ठेवा. सकाळचा गोठलेला बर्फ आणि दुपारचा मऊ बर्फ यांची तुलना करू नका.

या वाटा अरुंद असतात आणि समोरूनही गाड्या येतात. आंधळ्या वळणावर हातभर भटकलेली स्की तुम्हाला समोरच्याच्या वाटेत नेते. म्हणून मोसमातला पहिला बर्फ पडण्याआधी एक दुपार काढा आणि स्की उलटी करून तिचा तळ नीट पाहा.