दंडातली काडी नेमकी किती खोल?

आगपेटीतल्या काडीएवढी, 4 सेंटिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड अशी मऊ लवचिक काडी दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसवतात. तिच्यातलं एटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक रोज थोडं थोडं झिरपतं आणि निदान 3 वर्षं गर्भ राहू देत नाही. आपल्या सरकारी कुटुंबनियोजनात ही सोय 2023 पासून निवडक जिल्ह्यांत आली. पाळीचं वेळापत्रक बिघडतं ते औषधामुळे. बसवताना होणारे त्रास मात्र वेगळे, आणि त्यांची मेख खोलीत आहे.

बाई उताणी झोपते, कोपर वाकवून हात डोक्याखाली घेते. भूल दिल्यावर सुईचं टोक कातडीत शिरतं. मग सुई आडवी करून कातडी वर उचलत उचलत पुढे न्यायची, म्हणजे काडी कातडीच्या लगेच खाली राहते. ही उचल विसरली की सुई स्नायूत जाते. दंड बारीक असेल तर हे फारच पटकन घडतं. दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंमधल्या खाचेखालून रक्तवाहिन्या आणि नसा जातात, म्हणून जागा खाचेपासून 3 ते 5 सेंटिमीटर मागे धरतात. खोल गेलेल्या काडीने नस दुखावली तर बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शिरेत शिरलेली काडी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचल्याच्याही नोंदी आहेत, पण अगदी क्वचित.

कधी काडी सुईतच अडकून राहते. दंडाला पट्टी असते, बाई निर्धास्त होते आणि दिवस जातात. म्हणून पट्टी बांधण्याआधी डॉक्टरांनी आणि स्वतः बाईनेही काडीची दोन्ही टोकं चाचपायलाच हवीत. घाई असली तरी हे सोडू नये, हात पुढे करून मागून घ्यावं. टोकं लागली नाहीत तर ती सापडेपर्यंत निरोध वापरायचा. काडीत बेरियम सल्फेट असल्याने ती एक्स-रेत दिसते, सोनोग्राफीतही शोधता येते. जागा कळल्याशिवाय दंड चिरून शोधाशोध करू देऊ नका; खोल काडी काढणं सरावलेल्या हाताचं काम आहे.

निळसर डाग, थोडी सूज काही दिवसांत ओसरते. लाली वाढली, पू आला, ताप चढला तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि सुई आत असतानाच हातात कळ गेली, तर तिथल्या तिथे सांगायचं.