लघवी काळपट झाली तर...

हेरॉइन किंवा दारूच्या अंमलाखाली माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर बेशुद्ध पडून राहिला, की अंगाखाली दबलेले स्नायू मरू लागतात. अस्वच्छ सुईतून जंतुसंसर्ग झाला असेल तर हानी आणखी वाढते. या स्नायूंतले मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकते; पोटॅशियम वाढून हृदयही बंद पडू शकते. १९४१ साली लंडनमध्ये, बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या जखमींत डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी मूत्रपिंडांची अशीच हानी नोंदवली होती.

हातपाय सुजणे, असह्य दुखणे, लघवी कोऱ्या चहासारखी होणे ही धोक्याची चिन्हे. नशा उतरेल म्हणून वाट पाहू नका. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या आणि बदनामीच्या भीतीने डॉक्टरांपासून व्यसन लपवू नका. वेळेवर सलाइन मिळाले तर मूत्रपिंडे वाचू शकतात.