गळा नाही, कोण म्हणतं?

"आमच्याकडे कुणालाच गळा नाही हो!" असं म्हणून आपण लेकीचं गाणं परस्पर बंद करून टाकतो. मैत्रिणींनो, पुष्कळदा गळा ठीक असतो, पट्टी चुकलेली असते. बाबांच्या पट्टीत तिचा खालचा सा लागणार तरी कसा? मोबाइलवर तानपुरा लावा आणि तिला सोसेल ती पट्टी धरा.

सुरुवात भूपाने करा. सा, रे, ग, प, ध; पाचच स्वर. किशोरी आमोणकरांचं 'सहेला रे' भूपातलंच. आठवडाभर तिला ते नुसतं ऐकू दे.

शेंगा सोलता सोलता तीनताल मोजा. मात्रा १६, टाळी १, ५ आणि १३ वर. ९ वर खाली, म्हणजे टाळी नाही, हात नुसता बाजूला. मोजणं तुमचं, टाळी तिची. खाली हमखास चुकते; हसा आणि पुन्हा एकपासून.