आईची मांडी आणि मोटारीतली खुर्ची

मोटारीत बसताना आपण लहान मुलाला मांडीवर घेतो. "मी घट्ट धरलंय की!" असे आई म्हणते. आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा दुसरी नाही, असे आपल्याला वाटते. घरात ते खरे आहे. धावत्या मोटारीत मात्र खरे नाही. का, ते पाहू.

मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा आतले मूलही त्याच वेगाने धावत असते. मोटार कशावर आदळली की ती थांबते. मूल थांबत नाही. ते पुढे फेकले जाते. पापणी लवायच्या आत हे घडते. त्या क्षणी 10 किलोचे मूल दीडशे किलोच्या ओझ्यासारखे ओढ घेते. एवढे ओझे कोणाच्या हातांना पेलेल? यात आईची माया कमी पडत नाही. हातांचे बळ कमी पडते.

हे उमगायला जगालाही वेळ लागला. 1930 नंतर अमेरिकेत मुलांसाठी मोटारीतल्या खुर्च्या निघाल्या. पण त्या कशासाठी? तर मुलाने एका जागी बसावे, त्याला बाहेरचे दिसावे, एवढ्यासाठी.

1959 साली स्वीडनमध्ये निल्स बोलिन या इंजिनियरने खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा तयार केला. त्याने पुष्कळांचे प्राण वाचले. पण तो मोठ्या माणसाच्या मापाचा. लहान मुलाच्या तो गळ्यावर येतो.

मग त्याच देशातले डॉक्टर बर्टिल आल्डमान यांनी अंतराळवीरांकडे पाहिले. यान उडताना अंतराळवीर पाठीवर झोपलेले असतात. त्यामुळे सारा जोर पाठीवर विभागला जातो. तान्ह्या मुलाचे डोके जड आणि मान कोवळी असते. म्हणून आल्डमान यांनी 1964 च्या सुमारास मुलाचे तोंड मोटारीच्या मागच्या बाजूला राहील अशी खुर्ची केली.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉक्टर रॉबर्ट सँडर्स यांनी खटपट केली. 1978 पासून तिथे अशी खुर्ची सक्तीची झाली. पण कायद्यात एक पळवाट राहिली. मोठ्या माणसाने मुलाला हातात धरले तरी चाले! डॉक्टरांनी पिच्छा सोडला नाही. 1981 साली ती पळवाट बंद झाली.

आपल्या देशातही 2019 च्या कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची खुर्ची सक्तीची केली आहे. नाहीतर 1000 रुपये दंड होतो.

तेव्हा आपण एवढे करू. मुलाला मागच्या बाकावर, त्याच्या खुर्चीत बसवू. तान्ह्याचे तोंड मागे ठेवू. आई आणि मूल एकाच पट्ट्यात कधी बांधू नये. आईच्याच भाराने मूल चेंगरते.

मूल खुर्चीत रडेल, मांडीवर यायला हात पसरेल. तरी त्याला घेऊ नये. मुक्कामी पोचल्यावर पोटभर कुशीत घ्यावे.